दुसऱ्या फेरीपुरती वीज

लोणावळा, १४ जून

फिरोज,

तू विजेवर चालणारा पिकअप घेतलास ही बातमी मला किराणा दुकानात कळली. मी चहापत्ती मागत होते आणि दुकानदार म्हणाला, "बाई, तुमच्या भाच्याची नवी गाडी बघितली, आवाजच नाही हो तिला!" सख्ख्या बहिणीचा मुलगा, आणि मला बातमी चहापत्तीबरोबर मिळते. तुझ्या बायकोने, माहनूरने तरी कळवायचं. की घरात ठरवूनच टाकलं होतं, खालाला सांगू नका, ती प्रश्न विचारेल?

विचारणारच आहे.

उत्तर लिहून पाठव. फोन करू नकोस. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. माणसं फोनवर किती सहज खोटं बोलतात ते मी कानाला यंत्र लावून ऐकलं आहे. लिहिताना निदान पेन उचलून क्षणभर थांबावं लागतं.

तर सांग. गाडी चार्ज कुठे करणार? ईदला आले होते तेव्हा तुझ्या लॉन्ड्रीत दोन्ही मोठी मशिनं एकदम सुरू झाली आणि स्वयंपाकघरातला दिवा मिचमिचला. त्याच तारेवर आता गाडीही लावणार? कंपनीने एका चार्जमध्ये जे अंतर सांगितलं आहे ते कुठल्या रस्त्यावरचं? पवनेच्या बाजूचे चढ कंपनीतल्या साहेबाने पाहिले आहेत का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न. विकणाऱ्याने तुला विचारलं असेल, रोजची सरासरी धाव किती. तूही खुशाल सांगितली असशील. अरे, तुझ्या धंद्याला सरासरी असते का? आठवडाभर बंगले रिकामे, आणि शनिवार-रविवारी सगळ्या मुंबई-पुण्याला एकाच वेळी धुतलेल्या चादरी पाहिजेत. सरासरी काढून चादर अंथरता येत नाही.

जुनी डिझेलची गाडी बदल्यात देऊन टाकलीस का? नसशील दिलीस तर ठेव. दिली असशील तर त्यावर एक शब्द लिहू नकोस, माझं डोकं दुखेल.

तुझी खाला,
लैला


कामशेत, २३ जून

लैलाखाला, सलाम.

मी शोरूमवाल्याला विचारले नाहीत इतके प्रश्न तुम्ही एका कागदावर विचारलेत. तुम्हाला बरोबर न्यायला हवं होतं. त्याने गाडी फुकट दिली असती आणि वर दार लावून घेतलं असतं.

जुनी गाडी दिली. यावर शब्द लिहीत नाही.

पण खाला, ही गाडी खरंच चांगली आहे. सकाळी बंगल्यांवर जातो तेव्हा कुत्रीसुद्धा उठत नाहीत. परवा मळवलीत एका बंगल्यातल्या बाईंनी दार उघडलं आणि किंचाळल्या. म्हणाल्या, गाडीचा आवाज नाही आला, मला वाटलं चोर. मी म्हटलं, मॅडम, चोर चादरी नेतो, मी आणून देतोय. जुन्या हायवेला जाम लागतो तेव्हा पूर्वी डिझेल जळायचं आणि माझा जीव जळायचा. आता गाडी गप्प उभी, मी गप्प उभा. माहनूर म्हणते, कपड्यांना धुराचा वास येत नाही. हे मला कधी सुचलंच नव्हतं. धुतलेल्या चादरी आम्ही धुरात न्यायचो.

चार्जिंग लॉन्ड्रीतच करतो, मशिनं बंद झाली की. सोमवार ते शुक्रवार काही म्हणता काही अडचण नाही. चढाला थोडी जास्त खाते, उताराला थोडं परत देते.

शनिवार-रविवारचं म्हणाल तर जमतं.

तुमच्या गुडघ्याचं काय? माहनूरने लिंबाचं लोणचं पाठवलं आहे, मीठ कमी आहे.

तुमचा,
फिरोज


लोणावळा, ४ ऑगस्ट

फिरोज,

"जमतं" म्हणजे काय ते काल रविवारी मी कार्ल्याच्या फाट्यावर पाहिलं.

मी मैत्रीण शालनकडे गेले होते. परत येताना रस्त्यात गर्दी. बघते तर दुधाचा एक टेम्पो, त्याच्या मागे दोर, दोराच्या मागे तुझी नवीकोरी गाडी, आणि आत तू, घोड्यावर बसलेल्या नवरदेवासारखा नाकासमोर बघतोस. मागे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे. भुट्टा खाणारी पोरं मोबाइलवर तुझं चित्रीकरण करत होती. मी रिक्षातून हाक मारली. तू ऐकली नाहीस, किंवा ऐकलीस.

पत्रात एकच ओळ खोटी लिहायची आणि बाकी सगळं खरं लिहायचं, ही तुझ्या अम्मीची सवय. ती खोटी ओळ नेहमी लोणच्याच्या आधी असायची.

आता नीट सांग.

लैला


कामशेत, १३ ऑगस्ट

लैलाखाला, सलाम.

ऐकली होती हाक.

सांगतो. रविवारी एक पार्टी अकराला बंगला सोडते, दुसरी दोनला येते. त्या मधल्या वेळात सगळ्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे बदलून हवे असतात. सकाळची फेरी गाडी हसत करते. वापरलेले कपडे घेऊन मी कामशेतला येतो, दुसऱ्या फेरीचा माल भरतो, आणि बॅटरी पाहतो तर परत येण्यापुरती नाही. मध्ये चार्ज करावी तर मशिनं बंद ठेवावी लागतात, आणि रविवारी मशिनं बंद ठेवली तर मी दुकानच बंद केलेलं बरं. मोठ्या रस्त्यावरच्या चार्जिंगची नळी मोटारींची आहे, आपल्या गाडीला बसत नाही. एका बंगल्यावर विचारलं, तासभर लावू का? मालक वरच्या कॅमेऱ्यातून बोलला. आधी मला कळेना आवाज कुठून येतो. म्हणाला, हा चार्जिंगचा अड्डा नाही.

म्हणजे सोमवार ते शुक्रवार गाडी शहाणी, आणि रविवारी दुपारी वेडी. तुमचं सरासरीचं बोलणं बरोबर होतं. बास, लिहिलं.

पण आता सोय झाली आहे. मळवलीचे अंबाजीआबा तुम्हाला आठवत असतील, अम्मीच्या लग्नात भाताचं पोतं डोक्यावर घेऊन चालत आलेले. त्यांची बरीचशी जमीन गेली, तिथे आता तोच कॅमेऱ्याचा बंगला आहे, आणि आबा त्याच बंगल्याची राखण करतात. झुंबरबाई आत स्वयंपाक करतात. मागे ओढ्याच्या अंगाला एक खाचर आबांनी ठेवलं आहे, इंद्रायणी भात लावतात. विहिरीवर पंप आहे, वडिलांच्या वेळचं शेतीचं कनेक्शन. आबा मला म्हणाले, "लाव की इथं गाडी. पावसाळ्यात माजा पंप झोपलेलाच असतुय. आपल्याच पंपाची वीज, कुनाला इचारायचंय?"

आता मी सकाळच्या फेरीतच गाडी तिथे लावतो, तासाभराने दुसऱ्या फेरीपुरती भरते. तोवर झुंबरबाईंचा चहा. एकच अडचण आहे. शेतीची वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीचा रविवार आला की पुन्हा दोर. तुम्ही पाहिलात तो तसलाच रविवार होता.

फिरोज


लोणावळा, २१ ऑगस्ट

फिरोज,

अंबाजीला मी विसरेन होय! लग्नात जेवायला बसला तर तुझ्या नानांनी स्वतः वाढलं होतं त्याला. माणूस तसाच राहिला आहे. परवा मी मळवलीला जाऊन आले. मला बसायला खुर्ची आणली, ती बंगल्याची. स्वतः बांधावर बसला. खाचर बघितलं. असा हिरवा रंग मी कुठल्या साडीत पाहिला नाही.

आणि तू काय करतोस? एक आठवडा गाडी चालते, एक आठवडा दोराला बांधतोस, आणि म्हणतोस सोय झाली. तुम्ही लोक इतकं कमी मागता की देणाऱ्याला लाजसुद्धा वाटत नाही. सरकार एका तोंडाने सांगतं, विजेच्या गाड्या घ्या, धूर करू नका. दुसऱ्या तोंडाने सांगतं, वीज मात्र मध्यरात्री या आणि न्या. याला कोणी जाब विचारायचा?

मी विचारला आहे. वीज कंपनीच्या कार्यकारी अभियंत्याला काल रजिस्टर्ड पत्र गेलं. तुला वाचायला थोडं उतरवते:

"माझा भाचा फिरोज हा लहान व्यावसायिक असून मळवली येथे श्री. अंबाजी यांच्या शेतपंपाच्या कनेक्शनवर दर रविवारी आपले मालवाहू वाहन चार्ज करतो. एका आठवड्याआड दिवसा वीज नसल्याने त्याच्या व्यवसायाचे नुकसान होत आहे. तरी या कनेक्शनला रविवारी दिवसा अखंड वीजपुरवठा करण्यात यावा. उत्तराची अपेक्षा आहे, पोच नव्हे."

शेवटचं वाक्य मला फार आवडलं.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगायच्या, तक्रार करायची तर नावानिशी आणि पुराव्यानिशी करावी, नाहीतर ती चुगली होते. म्हणून मीटरचा नंबरही घातला आहे. तो मी मळवलीला गेले तेव्हाच उतरवून घेतला. अंबाजीने फडक्याने मीटरची काच पुसून दिली. कशाला पाहिजे, विचारलंसुद्धा नाही.

खाला


लोणावळा, १५ सप्टेंबर

फिरोज,

माझ्या पत्राला उत्तर नाही. पोस्टमन नियमित येतो, म्हणजे दोष त्याचा नाही. पाऊसही थांबला आहे. मग हात कशाने आखडला?

लैला


कामशेत, २४ सप्टेंबर

लैलाखाला, सलाम.

उशीर झाला, माफ करा.

आबांच्या पंपाची वीज तोडली. माणसं आली, तार काढून नेली, मीटरला सील केलं. शेतीची वीज धंद्याला वापरली म्हणाले. आता त्याचा निकाल लागेपर्यंत कनेक्शन जोडणार नाहीत, आणि निकाल कधी ते कुणी सांगत नाही. आबा त्यांना म्हणाले, "गाडीला नका देऊ, पन माज्या भाताला तरी द्या." त्यांच्यातला एक म्हणाला, तार एकच आहे.

माझं सोडा. रविवारच्या दुसऱ्या फेरीला भाड्याचा टेम्पो सांगितला आहे. पण पावसाने पाठ फिरवली त्याला बरेच दिवस झाले आणि भात नेमकं आत्ता पोटऱ्यातून बाहेर पडतंय. लोंबी निसवून दाण्यात दूध भरायचे हे दिवस. आत्ता पाणी मिळालं तर वर्षभराचा भात. नाही तर नुसतं गवत. आबा गेल्या वर्षी म्हणाले होते, बंगल्याचा पगार हातात येतो, तो मालकाचा. खाचरातलं भात मात्र माझं. आता ते बांधावर जातात, भेगा बघतात आणि परत येतात.

डिझेलचं इंजिन मागायला मी गावभर फिरलो. ज्यांच्याकडे आहे त्यांची स्वतःची खाचरं तापली आहेत. बंगल्याच्या मालकाला विचारलं, तुमच्या मोटरचं पाणी दोन दिवस सोडू का? तो म्हणाला, आज खाचर, उद्या गाव येईल. समोर त्याच्या हिरवळीवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचे फवारे उडतात. ते सुरू करायचं काम आबांचंच आहे.

कुणीतरी कळवलं असणार. जाऊ द्या.

फिरोज


लोणावळा, २९ सप्टेंबर

फिरोज,

जाऊ द्या? मुळीच नाही!

ज्याने कळवलं त्याला मी सोडणार नाही. मला त्या बंगलेवाल्याचाच संशय आहे. स्वतःच्या कॅमेऱ्यातून दुसऱ्याच्या विहिरीवर नजर ठेवणारा माणूस दुसरं काय करणार? किंवा गावातला कुणी असेल, ज्याला अंबाजीचं हिरवं खाचर डोळ्यांत खुपलं. ही चुगलखोर जात मला एक्सचेंजमध्येही ओळखू यायची. आवाज बारीक करून बोलतात, आणि नाव विचारलं की फोन ठेवतात. म्हाताऱ्या माणसाच्या ताटातला भात काढून घेतला, आणि नाव सांगायची हिंमत नाही.

मी शुक्रवारी वीज कंपनीच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या मुलाने माझं नाव विचारलं, यंत्रात पाहिलं आणि हसून म्हणाला, "बाई, तुमच्या अर्जावर कारवाई झाली. निकाली निघाला तो." बघ, नीट लिहिलं की होतं! म्हणजे रविवारी दिवसा वीज द्यायचं त्यांनी मान्य केलं, आणि नेमकं त्याच वेळी कुणा हलकटाने कनेक्शनच तोडायला लावलं. मी त्या मुलाला म्हटलं, आता ज्याने तक्रार केली त्याचं नाव द्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "नाव तुम्हाला पाहिजे?" म्हटलं, मला नको तर काय तुला? मग म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

तिथेच बाकावर बसून दुसरा अर्ज लिहिला. तक्रारदाराचं नाव जाहीर करावं. आठ दिवसांत मिळालं नाही तर पुण्याला लिहीन.

अंबाजीला सांग, लैला आहे.

खाला


कामशेत, ४ ऑक्टोबर

आदरणीय खाला,

सलाम. हे पत्र मी लिहिते आहे हे फिरोजना माहीत नाही. त्यांनी आणि आबांनी ठरवलं होतं की तुम्हाला कळू द्यायचं नाही. आबांनी तर कसमच घातली. पण काल आलेलं तुमचं पत्र वाचून फिरोज जेवले नाहीत, आणि तुम्ही आता पुण्याला लिहिणार म्हणता. म्हणून लिहिते.

वीज तोडायला जी माणसं आली त्यांच्या हातात तुमचं पत्र होतं. त्यांनी ते आबांना वाचून दाखवलं. मीटरचा नंबर जुळवून बघितला. आबांना विचारलं, ह्यात लिहिलंय ते खरं का? आबा म्हणाले, "लैलाबाईंनी लिवलंय म्हंजे खरंच."

दुसरं कुणीच कळवलेलं नाही.

खाला, तुम्ही चांगल्यासाठीच लिहिलं. शेतीच्या विजेवर गाडी लावू नये हे फिरोजना थोडं थोडं माहीत होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, आबांनाही नाही. तुमचं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा ते हातात धरून कितीतरी वेळ ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, लगेच खालाकडे जा. ते म्हणाले, रजिस्टर्ड गेलंय, आता काय? आणि वीज कंपनी कुठे पत्रं वाचते? आमच्या घरचं बिल चुकीचं आलं ते दुरुस्त करायला दोन वर्षं गेली, त्यामुळे मलाही ते पटलं.

रागावू नका. रागावलात तर माझ्यावर रागवा, त्यांच्यावर नको.

तुमची,
माहनूर


लोणावळा, ८ ऑक्टोबर

श्री. अंबाजीभाऊ,

मला माहनूरचं पत्र मिळालं. ज्या माणसाला मी गेले दोन आठवडे शिव्या देत होते तिचा पत्ता अखेर लागला. ती माझ्याच घरात राहते.

क्षमा हा शब्द मी लिहीत नाही. त्याने खाचरात पाणी येत नाही. काय केलं तेवढं सांगते.

पत्र मिळालं त्याच दिवशी कार्यालयात गेले. म्हटलं, माझा पहिला अर्ज मला मागे घ्यायचा आहे. तोच मुलगा होता. म्हणाला, "निकाली निघालेला अर्ज मागे घेता येत नाही." म्हटलं, मग तक्रारच खोटी होती असं लिहून देते. म्हणाला, "मग बाई, खोटी तक्रार केली म्हणून तुमच्यावर कारवाई होईल, पण त्यांचं कनेक्शन तरीही नाही जोडता येणार, कारण पाहणीत ते खरं निघालंय." मुलगा वाईट नव्हता. मला पाणी दिलं. म्हटलं, ते पाणी मळवलीला ने. त्याला काही कळलं नाही.

साहेबांना भेटले. सभ्य माणूस. माझं पत्र त्यांना आठवत होतं. म्हणाले, इतकं स्पष्ट, मुद्देसूद पत्र हल्ली कोणी लिहीत नाही. नंबर, पत्ता, दिवस, सगळं होतं, म्हणून लगेच माणसं पाठवता आली. मी आयुष्यभर किती अर्ज केले, रस्त्यांसाठी, गटारासाठी, दिव्यांसाठी. एकाचंही काही झालं नाही. झालं ते याच एकाचं.

पण मी थांबलेले नाही. वरच्या कार्यालयाला सविस्तर लिहिलं आहे. या कनेक्शनवर पंप आणि तुमच्या ओट्यावरचा एक दिवा, एवढंच अनेक वर्षं चालत आलं आहे, गाडी तर कालपरवाची. अशा माणसाला चोर ठरवता, आणि शेजारी गवतावर फवारे उडतात ते तुम्हाला दिसत नाहीत? असं लिहिलं आहे. बघू या.

झुंबरबाईंना सलाम.

लैला अत्तार


कामशेत, १९ ऑक्टोबर

लैलाखाला, सलाम.

माहनूरने सांगितलं की तिने लिहिलं. बरं झालं. मी चुकलो, ते भेटल्यावर तोंडावर ऐकून घेईन. आता दुसरं सांगतो.

ओढा आटलाय, म्हणून गेला आठवडाभर मी गाडीवर पाण्याची टाकी ठेवून नदीवरून आबांच्या खाचरापर्यंत फेऱ्या मारतोय. सोमवार ते शुक्रवार बंगल्यांचं काम फारसं नसतं, गाडी मोकळी असते. तुम्हाला पटणार नाही, पण ह्या कामाला अशी गाडी दुसरी नाही. छोटं अंतर, सावकाश जायचं, थांबायचं, परत यायचं. गिअर नाही, क्लच नाही. टाकी भरलेली असली तरी ओढ्याचा चढ गपचूप चढते. शोरूमवाल्याने ह्याच कामाचा व्हिडिओ काढायला पाहिजे होता.

पण खाला, टाकी म्हणजे काय? खाचराला ती चूळ भरायलासुद्धा पुरत नाही. कॉक सोडला की पाणी पहिल्या भेगेत शिरतं आणि तिथेच जिरतं. दुसऱ्या भेगेपर्यंतही जात नाही. पहिल्या दिवशी आबा फावडं घेऊन पाण्यापुढे वाट करत धावले. दुसऱ्या दिवशी नुसते उभे राहिले. परवा मला म्हणाले, "फिरोज, बॅटरी कशाला जाळतुस? तुजा रविवार हाय पुढं." मी म्हटलं, आबा, अजून एक फेरी. ते म्हणाले, "मार मग." माझं मन राखायला म्हणाले, मला कळलं.

झुंबरबाई बंगल्यातून भांडी धुतलेलं पाणी बादलीने आणून बांधाकडच्या चार रोपांना घालतात. ती चार हिरवी आहेत.

वरच्या कार्यालयातून काही आलं का?

फिरोज


लोणावळा, २५ ऑक्टोबर

फिरोज,

आली. पोच आली. छापील, खाली शिक्का. "आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवण्यात येत आहे." संबंधित म्हणजे तेच, ज्यांनी तार तोडली.

गुडघा बरा आहे. मी मळवलीला येणार होते. स्टेशनपर्यंत गेलेही. मग वाटलं, जाऊन काय करणार? तो पुन्हा बंगल्याची खुर्ची आणील आणि स्वतः बांधावर बसेल. मी परत आले.

तुझी गाडी चांगली आहे. हे मी लिहून देते. गाडीत काही खोट नाही.

लैला


मळवली, ९ नोव्हेंबर

लैलाबाईंना अंबाजीचा रामराम.

तुमचं पत्र मिळालं हुतं. उत्तराला येळ लागला कारन कापनी हुती. कापनी म्हंजे काय, मी आन झुंबर, दोघांनीच जेवायच्या आत उरकली. मी सातवी शिकल्यालो हाय, हे माजं मीच लिवतोय. चुकलं तर हसू नका.

बाई, भाताचा दाना भरला की लोंबी वाकती. औंदा वाकलीच न्हाई. सगळ्या लोंब्या सरळ उभ्या. लांबनं बघनाऱ्याला वाटावं काय झ्याक पीक आलंय. बंगल्यावरच्या पावन्यांनी बांधावर उभं ऱ्हाऊन फोटू काढलं. एक पोरगी म्हनली, काका, किती सुंदर शेत हाय तुमचं. मी व्हय म्हनलो. तिला काय सांगायचं!

फिरोजनं पोती गाडीत घालून कामशेतला गिरनीवर न्हेली. मी संगं बसलो हुतो. गाडी चांगली हाय. मी म्हनलं, चढाला थकली का रं? तर म्हनला, आबा, मागं काय हाय ते तिला कळलंच न्हाई. गिरनीवाल्यानं मूठ भरून फुकर मारली, तर मुठीत लय थोडं उरलं. पेंढा मातर चांगला निगाला, गुरास्नी व्हईल.

आता दुसरं. तुमी वरच्या साहेबाला लिवलं तवापासनं आनी एक नवा मानूस हितं यिऊन गेला. तुमचं कागद त्याच्या हातात हुतं. पंपाच्या लाईनीवर वट्यावरचा दिवा कसा काय, कवापासनं, ते इचारत हुता. मी म्हनलं, वडलांच्या येळेपासनं. त्यानं ते लिवून घेतलं. म्हनला, म्हंजे लय वर्सांचं हाय तर. दिवा मी काढून ठिवलाय. झुंबर आता बंगल्याच्या मागल्या दिव्याच्या उजेडात बसून तांदूळ निवडती. इकत आनल्यालं.

तुमच्यावर माजा राग न्हाई. तुमी लिवलं त्यात खोटं काय न्हवतं. आन काच मीच पुसून दिली.

पन बाई, एक ऐका. आता लिवू नका. साहेबाला न्हाई, त्याच्या वरच्याला न्हाई, पुन्याला न्हाई. माजं वाईट लिवू नका आन चांगलं बी लिवू नका. तुमचं पत्र गेलं की कुनीतरी हितं येतंय. त्यांनी मला इसरून जाया पायजे. मळवलीत अंबाजी हाय, त्याची हीर हाय, हे समदं त्यांनी इसरून जाया पायजे. मंग पुढल्या साली म्या नव्या मानसावानी जाईन, टोपी काढून खिडकीम्होरं उभा ऱ्हाईन आन म्हनीन, साहेब, माजं एक खाचर हाय, त्याला वीज द्या.

तवर गप ऱ्हावा.

अंबाजी